चौथी बाटली

३ मार्च

गुंड्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच केराच्या डब्यात टाकशील, म्हणून वरचा पत्ता आमच्या भांडीवाल्या मावशींकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर इतकं सरळ आहे की तुला वाटलं असेल वीज कंपनीची नोटीस आली. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. आज बारावा दिवस. यकृत. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत आणि गोल गोल बोलत नाहीत, त्यामुळे मला आवडल्या. किती दिवस, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "एक महिना धरून चाला. जास्त मिळाला तर आपलं नशीब." पोट फुगलंय, हातापायांच्या काड्या झाल्यात, डोळे पिवळे. तुला वाटेल ताई मुद्दाम घाबरवतेय. मुद्दामच घाबरवतेय. ये.

भेटायची वेळ चार ते सहा; मला सोबतीचा पास आहे, मी इतर वेळीही असते. त्यांच्या खाटेवरून समोर लिफ्टचं दार दिसतं. दार उघडलं की मान वळवून बघतात. मी पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं की लगेच म्हणतात, "हे दार बंद व्हायला फार वेळ घेतं. कुणीतरी लिफ्टवाल्याला सांगायला हवं." आपल्या घरात लिफ्ट दुरुस्त करणारा एकच आहे. तुझं नाव मात्र घेत नाहीत. तूच बजावलं होतंस ना, माझं नाव पुन्हा तोंडात आणायचं नाही म्हणून. पाळतात बिचारे. तू म्हणशील, माझं सांगणं पाळतात, स्वतःचा शब्द तेवढा पाळता आला नाही.

म्हण. तुझ्या रागाला मी नावं ठेवत नाही. एकोणीस वर्षांचा होतास, परीक्षा सोडलीस आणि त्यांची दारू सोडवायला अकरा दिवस त्यांच्याबरोबर खोलीची कडी लावून बसलास. मी तेव्हा दुसऱ्या शहरात ट्रे उचलायला शिकत होते, त्यामुळे त्या अकरा दिवसांबद्दल तोंड उघडायचा मला हक्क नाही. त्यानंतर दर रविवारी तू फोन करून एकच शब्द विचारायचास, "किती?" आणि बाबा आकडा सांगायचे. न पिता गेलेल्या दिवसांचा. तीन हजार दोनशे एकोणऐंशीपर्यंत गेला होता.

मग गेल्या साली तो रविवार आला. तू न सांगता घरी गेलास आणि बाबा स्वयंपाकघराच्या फरशीवर, बाजूला रिकाम्या बाटल्या. ते तुला म्हणाले, ताईच्या रेस्टॉरंटच्या तळघरातून मी चोरून आणल्या. तू तिथूनच मला फोन केलास, खरं का म्हणून. मी हो म्हटलं.

झालं ते झालं. माणूस घसरतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाशी भांडण चालू ठेवून तुला काय मिळणार आहे, एवढाच विचार कर.

माझं ठीक. नोकरी तीच. सहाला हॉस्पिटलातून निघते ती थेट कामावर, साडेसहाला पहिलं टेबल लागतं. लिहायला पुष्कळ आहे, पण तू आधी ये.

ताई


१० मार्च

गुंड्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "शपथ त्यांनी मोडली, मी नाही. त्यांच्याबद्दल पुन्हा लिहू नकोस."

तू पहिल्यापासून असाच. चौथीत त्या चष्मेवाल्या मुलाशी अबोला धरलास तो थेट दहावीत सोडलास, आणि तेव्हा भांडण कशावरून झालं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. इथे आपल्याकडे सहा वर्षं नाहीत, रे.

मी त्यांच्याबद्दल लिहिणारच. पण आज आधी माझ्याबद्दल लिहिते, म्हणजे तू निदान अर्धं पान तरी वाचशील.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. वाईन म्हटलं की तुला बाबाच दिसतात, म्हणून मी विषय काढत नसे. आमच्या मालकीणबाईंचा एक नियम आहे. पाहुणे खुर्चीत टेकले, पाणी आलं, की मेन्यू हातात द्यायच्या आधी प्रत्येकापुढे एक छोटा ग्लास वाईन. न विचारता, घराकडून. यादीत तिला अपेरिटीफ असं भारदस्त नाव आहे, आम्ही आपसांत नुसतं 'आधीची' म्हणतो. दर हंगामाला एकच निवडायची आणि ती निवड माझी.

ही वाईन कौतुकाने प्यायची नसते. तिने भूक लावायची आणि बाजूला व्हायचं. गोड असली तर भूक मरते. जड असली तर माणूस सूपपाशीच सुस्तावतो. कोरडी हवी, हलकी हवी, जराशी आंबट नाहीतर जराशी कडवट. गार हवी, पण दात शिवशिवतील इतकी नको. ग्लास एक तृतीयांश भरायचा, सोबत खारे बदाम, बस. पहिल्या घोटाला तोंडाला पाणी सुटलं आणि दुसऱ्या घोटाला पाहुण्याचा हात पावाच्या टोपलीकडे गेला, की मी पास. मी ग्लासाकडे बघतच नाही, हाताकडे बघते. हे बाबांनीच शिकवलं. त्या मोठ्या हॉटेलात तीस वर्षं लोक त्यांना 'नाकवाले' म्हणायचे ते काही उगाच नाही.

तर गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले, बायको आणि दोन मोठ्या मुलींना घेऊन. मी ओतायला वाकले आणि त्यांनी ग्लासावर पंजा ठेवला. बायको माझ्याकडे बघून कसनुसं हसली. मुली मात्र बाटलीकडे बघत होत्या, आणि त्या कशा बघत होत्या ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाटली मागे घेताना चार थेंब टेबलक्लॉथवर सांडले. मी त्यांना लिंबाचं पाणी आणून दिलं आणि कोठीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. शेफ म्हणाला, "काय झालं, भूत पाहिलंस का?" मी म्हटलं, "तसंच समज."

तेव्हापासून मी विचारते. प्रत्येक टेबलाला. "जेवणाआधी थोडी वाईन चालेल, की दुसरं काही आणू?" मालकीणबाईंनी दोनदा कानाआड केलं, तिसऱ्यांदा बाजूला घेतलं. "अगं, विचारलं की लोक विचार करत बसतात. सगळी गंमत जाते." मी म्हटलं, "जाऊ दे." आठ वर्षांत मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते.

हे तुला का सांगतेय? कारण एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. बाबांनी तळघरातून काही चोरलं नव्हतं. बाटल्या मी घरी नेल्या होत्या.

गेल्या साली त्या थंडीत मला ताप आला होता, आठवतं? ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. वास नाही, चव नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे पांढरा दगड. परत येईल म्हणाले, पण कधी ते कुणी सांगेना. आणि नेमकं त्याच आठवड्यात नव्या हंगामाची 'आधीची' निवडायची होती. सहा बाटल्या नमुन्याला आल्या होत्या. वाईनवालीचं नाक गेलं हे मालकीणबाईंना कळलं असतं तर त्यांनी मला घरी बसवलं असतं. म्हणून मी बाटल्या बाबांकडे नेल्या. फक्त वासासाठी. त्यांनी वास घेतला, नंबर सांगितला, विषय संपला. बाटल्या मी तिथे विसरले. माझी चूक ती एवढी. फोनवर तू विचारलंस तेव्हा घाबरून हो म्हणून गेले.

विसरण्याबद्दल मला हवं ते बोल. पण बाबांना चोर म्हणू नकोस. आणि ये.

ताई


१६ मार्च

गुंड्या,

एकच ओळ, आणि नेमकं दुखतं तिथेच बोट. "मग ते खोटं का बोलले?"

मी हे त्यांना कधीच विचारलं नव्हतं. सव्वा वर्ष आम्ही दोघं त्या विषयाला वळसा घालून चालत होतो. मी त्यांच्या बाटल्या शोधायची, मोरीत ओतायची, कुलपं लावायची. ते दुसऱ्या आणायचे. पण पहिल्या बाटल्या कुठून आल्या हे दोघांपैकी कुणी उच्चारलं नाही.

काल विचारलं. आजकाल त्यांचं भान मध्येच सुटतं. सकाळी सलाईन घेऊन आलेल्या सिस्टरला म्हणाले, "ही आधी गार करून आणा, सात नंबरचं टेबल कुरकुर करतंय." सिस्टर हसली, मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. पण चारनंतर ते ताळ्यावर होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही गुंड्याला चोरी केली असं का सांगितलंत?"

त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तुझी नोकरी गेली असती, हे एक. आणि दुसरं, माझ्यावर चिडायची त्याला लहानपणापासून सवय आहे. तुझ्यावर चिडला असता तर पार एकटा पडला असता पोरगा."

घे. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

आता माझ्या मागच्या पत्रातलं थोडं दुरुस्त करते. नुसत्या वासावर भागलं नव्हतं. बाबाच म्हणाले, "वासाने काय कळणार, भूक लागते की नाही हे तोंडात घेतल्याशिवाय सांगता येत नाही." मी नको म्हटलं, पण ते ऐकेनात. तोंडात घ्यायची, फिरवायची आणि थुंकायची. तुला ऐकून धक्का बसेल, पण आमच्या कामात हे रोजचंच. त्यांनी घेतली, थुंकली, संपलं. मी बाटल्या विसरले नसते तर काही झालं नसतं.

एवढंच. आता तरी तुझ्या मनातली अढी सुटायला हवी. डॉक्टरीणबाई आज म्हणाल्या, महिन्याचं मी बोलले होते ते विसरा.

ताई


१७ मार्च

गुंड्या,

कालचं पत्र पेटीत टाकलं, पेटीचं झाकण खाली पडलं आणि मी ते लगेच पुन्हा उचललं. हात आत जाईना, नाहीतर काढून घेतलं असतं. ते तुझ्या हातात पडेल तेव्हा त्याच्या मागोमाग हेही पडू दे.

तोंडात घ्यावी लागेल, हे बाबा म्हणाले नाहीत. मी म्हणाले.

मी मरणाऱ्या माणसाच्या नावावर अजून एक खोटं चढवत होते. तेही मला वाचवायला तयार असलेल्या माणसाच्या. लिहिताना मला लाज वाटली नाही, पेटीसमोर वाटली. आता सगळं सांगते, गाळत काही नाही.

शुक्रवार होता. दुपारचे दोन. मी सहाही बाटल्यांवर कागदी पिशव्या चढवल्या होत्या, वर एक ते सहा आकडे. नाव दिसलं की निवड बिघडते. स्वयंपाकघराच्या टेबलावर सहा ग्लास, आणि थुंकायला आपलं ते स्टीलचं पातेलं. बाबा सगळं बघत होते. मी म्हटलं, "फक्त वास घ्या." तर त्यांनी काय केलं ठाऊक आहे? दोन्ही हात पाठीमागे बांधले. मुलांना दुकानात नेताना सांगतात ना, कशाला हात लावायचा नाही, तसे. हात बांधून वाकले आणि एकेका ग्लासावर नाक नेलं. नऊ वर्षांनी. पहिल्या ग्लासाला त्यांचे डोळे मिटले.

म्हणाले, "तीन आणि चार. बाकीच्या राहू दे. दोघींतली कोणती ते तू ठरव."

मला ठरवता येत नव्हतं, म्हणून तर आले होते. मी म्हटलं, "बाबा, वासाने नाही व्हायचं. तोंडात घ्या आणि थुंका."

ते म्हणाले, "नको गं."

मी म्हटलं, "थुंकलेलं धरत नाहीत. आमच्याकडे कुणीच धरत नाही. लोक दिवसाला चाळीस तोंडात घेतात आणि गाडी चालवत घरी जातात."

"रविवारी त्याला काय सांगू?"

"आकडा सांगा. जो आहे तोच. थुंकलं म्हणजे प्यायलं नाही."

गुंड्या, मी हे त्यांना फसवायला म्हटलं नव्हतं. मला ते खरंच तसं वाटत होतं. या कामात पहिल्या दिवसापासून आम्हाला हेच शिकवतात, गिळलं तर प्यायलं, थुंकलं तर काम केलं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. बाबांनी मान हलवली. तेही याच कामातले. त्यांनाही ते पटलं, किंवा पटवून घेतलं. त्यांचे हात अजून पाठीमागे होते. मी एक हात ओढून पुढे घेतला आणि ग्लास त्यात ठेवला. बोटं मी मिटली त्यांची.

आणि म्हटलं, "आता घेताच आहात तर एकपासून घ्या. ओळीने घेतल्याशिवाय फरक कळत नाही." तेही मीच.

एक थुंकली. दोन थुंकली. तीन थुंकली, म्हणाले, "हिला शेवटी कडवटपणा जास्त आहे."

चौथी तोंडात घेतली, बराच वेळ ठेवली, आणि त्यांचा कंठ हलला.

मी पाहिलं. अगदी समोर बसले होते, दोन हातांवर. त्यांनीही पाहिलं की मी पाहिलंय. मग ते म्हणाले, "भूक लागली गं मला. काहीतरी दे खायला."

आणि मला आनंद झाला. हे लिहायला माझा हात मागेपुढे होतोय, पण लिहिते. बाबांचा हात पावाकडे गेला आणि मला आनंद झाला, कारण 'आधीची'ने तेच करायचं असतं. मी वहीत लिहिलं, 'चार'. खाली रेघ ओढली. मग म्हटलं, "पाच आणि सहाही घेऊन टाका, म्हणजे खात्री होईल." त्या वेळी पातेल्याकडे मी बघितलंच नाही. ते थुंकले की नाही, मला सांगता येणार नाही.

आणि बाटल्या मी विसरले नाही. ठेवल्या. उघडलेली बाटली आमच्याकडे दोन दिवस चालते, म्हणून दुसऱ्या दिवशी ती कशी लागते हेही तपासायचं असतं. मला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचं तोंड हवं होतं. सहाही बाटल्यांना बुचं लावून मी फ्रीजमध्ये ओळीने उभ्या केल्या, दुधाच्या शेजारी, आणि म्हटलं, "उद्या याच वेळी येते." शनिवारी मालकीणबाईंनी मध्येच कामावर बोलावलं, मी बाबांकडे गेले नाही. फोनसुद्धा केला नाही. रविवारी तू गेलास.

तुझा फोन आला तेव्हा मी तळघराच्या पायऱ्यांवर होते. तू म्हणालास, "बाबा म्हणतायत चोरून आणल्या. खरं आहे?" बाबांनी मला आधीच वाचवून ठेवलं होतं. मला नुसतं हो म्हणायचं होतं. घाबरून बिबरून नाही म्हटलं. विचार करून म्हटलं. वर जोडलं, "हो, सहा कमी आहेत." तू त्यांना तिथेच जे बोललास ते मला फोनमध्ये ऐकू येत होतं. त्यांचा आवाज एकदाही आला नाही.

माझं नाक दीड महिन्यात परत आलं. चौथी बाटली लोकांना इतकी आवडली की पुढच्या हंगामालाही तीच ठेवली. पाहुणे विचारतात, कुणी निवडली. मी साळसूदपणे म्हणते, मी.

तुझ्या अकरा दिवसांवर आणि त्यांच्या नऊ वर्षांवर मी माझं काम उरकून घेतलं. त्यांनी शपथ मोडली नाही रे. त्यांच्या हातून मी मोडवली. मी मोठी बहीण आहे म्हणून तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि बापावर ठेवला नाहीस. तो राग माझा होता, त्यांनी सव्वा वर्ष अंगावर घेतला. आता तो मला दे. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, माझी काही तक्रार नाही. त्यांच्याकडे ये. चार ते सहा. तू येशील तेव्हा मी तिथे नसेन, हा माझा शब्द. माझ्या शब्दाची किंमत काय ते तुला आता कळलंच आहे, तरी हा पाळेन.

ताई


२६ मार्च

गुंड्या,

मागचं पत्र टाकलं त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पाठवलंस?"

"पाठवलं."

"सगळं?"

"सगळं."

मग म्हणाले, "वेडी आहेस." आणि जरा वेळाने, "मग दाढी करायला हवी."

दाढी मी केली. त्यांचे गाल इतके आत गेलेत की वस्तरा धरायची भीती वाटते. त्यांच्या सूचना चालूच. खालून वर नको. कानाजवळ राहिलंय. पाणी गार आहे. आरशात बघून म्हणाले, "ठीक आहे. ओळखेल." त्यानंतर रोज दाढी. तीनला मला घाई करायचे आणि पावणेचारला हाकलून द्यायचे. "जा तू. शब्द दिलायस ना." तुला पत्र मिळालं असेल त्या दिवसापासून चार दिवस मी खाली, रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून फाटकाकडे बघत होते. सहाला वर गेले की ते भिंतीकडे तोंड करून असायचे.

मधल्या काळात मालकीणबाईंनाही सांगून टाकलं. चौथी बाटली कुणी निवडली आणि कशी. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "नाक गेलं होतं तर मला सांगायचं होतंस गं, मी काय खाल्लं असतं तुला?" खाल्लं असतं की नाही, आता काय कळणार. 'आधीची' आता शेफ निवडतो. मी टेबलं लावते, आणि सध्या उशिरा गेले तरी चालतं. बरं चाललंय.

काल पाचव्या दिवशी तू आलास. सव्वाचारला. बारीक झालायस. फाटकापाशी थांबलास, परत फिरलास, चार पावलं गेलास, पुन्हा आलास. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. तू आत गेलास तेव्हा मला रडू आलं, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी न विचारता माझ्या हातात संत्र्याची एक फोड ठेवली.

सहाला तू बाहेर आलास. पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होतास, पण इतका वेळ नाडी बांधायला कुणाला लागत नाही. मी हाक मारली नाही. उठून रस्ता ओलांडला असता तर तू पळून गेला नसतास, एवढं मला माहीत आहे. पण शब्द दिला होता, आणि एक तरी पाळायचा होता. तू बसथांब्याकडे गेलास. तुझी पाठ वळणापर्यंत दिसत होती.

मग वर गेले. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही दोघं फारसं बोलला नाहीत. तू त्यांना सूप भरवलंस. त्यांनी वाटी संपवली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

बाबा उशीला टेकून बसले होते. चेहरा धुतल्यासारखा. मी खुर्ची ओढली तर स्वतःच म्हणाले, "तुझ्याबद्दल विचारत होता. ताई कशी आहे म्हणाला."

मी म्हटलं, "हो?"

"हो तर. तब्येतीला जप म्हणावं म्हणाला. फार राबते म्हणाला."

खिडकीकडे बघत बोलत होते. गुंड्या, तू आयुष्यात कुणाला तब्येतीला जप म्हणाला नाहीस. ते तुझं बोलणंच नाही. ते बाबांचं बोलणं आहे. माझ्या पदरात आता काही उरलं नाही हे त्यांना दिसतंय, आणि त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नाही. तुझ्यापासून मला वाचवायला ते जसं बोलले, तसंच आताही बोलत असतील. नाहीतर खरंही असेल. मला त्यांचं खरं-खोटं कधी ओळखता आलंच नाही, आणि त्याचा फायदा मीच घेतला.

मी त्यांना म्हटलं, "बरं झालं विचारलं ते." ते हसले, आणि मग छान झोपले.

उद्याही ये. परवाही ये. चार ते सहा मी वर नसेन.

तू खरंच विचारलं असशील तर मला एक ओळ लिही. विचारलं नसशील, तर बाबांना ते कळू देऊ नकोस.

ताई